शाईपेन बनवणाऱ्यांना खुलं पत्र: निब तपासणं हे गिऱ्हाइकाचं काम नव्हे

प्रति,
भारतात शाईपेन बनवणाऱ्या सर्व कंपन्या, कारखानदार आणि कारागीर यांस

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात तुमच्यापैकी एका कंपनीकडे मी तक्रार केली. पेन अगदी साधं होतं. काळं, एबोनाइटचं (म्हणजे कडक रबराचं), ड्रॉपरने शाई भरायचं, रोज खिशाला लावायला घेतलेलं. त्याची निब पहिल्या ओळीपासून कागद ओरबाडत होती. उत्तर लगेच आलं, भाषाही गोड होती. हाताने बनवलेल्या पेनांत निबेनिबेत थोडा फरक असायचाच, तीच त्यांची खासियत, आणि निबेला वॉरंटी लागू नाही. बरं, मग सुटी निब तरी विकत द्या म्हटलं, तर कळलं की सुट्या निबा विकणं कंपनीने बंद केलंय. हवं तर नवं पेन घ्या.

कंपनीचं नाव मी घेत नाही. थोड्याफार फरकाने हेच उत्तर तुमच्यातल्या अनेकांनी माझ्या ओळखीच्या लोकांना दिलेलं आहे, आणि एकाला चव्हाट्यावर आणून बाकीच्यांना सोडून द्यायची माझी इच्छा नाही. पत्र सगळ्यांना आहे. ज्यांची निब चोख असते त्यांनी राग मानू नये. आहेत तसे काही, पण पेन हातात येईपर्यंत ते कळत नाही, हेच तर दुखणं आहे.

मी नाशिकचा. नोकरीची बहुतेक वर्षं सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत, तपासणी विभागात गेली. डिझेल इंजिनात इंधन फवारणारी नोझल आमच्या हातांखालून जायची. तिच्या आतली सुई आणि बॉडी यांच्यामधली फट असते दोन-चार मायक्रॉनची. त्या मानाने निबेची चीर म्हणजे ढोबळ काम. त्यामुळे 'एवढं बारीक काम आहे, फरक पडणारच' हे कोणी मला सांगू लागलं की माझ्यातला जुना इन्स्पेक्टर जागा होतो. फरक पडतो हे मान्य. कोणत्याही यंत्रातून दोन नग तंतोतंत सारखे निघत नाहीत, म्हणून तर तपासणी विभाग असतो. किती फरक चालेल ते आधी ठरवायचं आणि त्याबाहेरचा नग बाजूला काढायचा. तुम्ही तो बाजूला काढत नाही, खोक्यात भरून आमच्या घरी पाठवता.

माझं लिहिणं काही फार मोठं नाही. घरखर्चाची वही, सोसायटीचा सचिव असल्याने बैठकांचं इतिवृत्त, चार नातेवाइकांना पत्रं. रविवारी सकाळी गंगापूर रोडला चहाला आम्ही काही शाईपेनवाले जमतो. एक निवृत्त मराठीच्या बाई, नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले एक काका, मुक्त विद्यापीठाच्या परीक्षा देणारा एक रिक्षावाला, कॉलेजातल्या दोन मुली. मुली आमच्यापेक्षा जास्त पेनं बाळगून आहेत. सोन्याच्या निबेचं परदेशी पेन आमच्यात एखाद्याकडेच, आणि तेही घरी कपाटात. आमचं बोलणं चालतं ते शंभर रुपयांपासून दीड-दोन हजारांपर्यंतच्या रोजच्या पेनांवर. टेबलावर दहापटीचं भिंग असतं, जुनी वही असते, ओलं फडकं असतं. नवं पेन कोणी आणलं की पहिला प्रश्न 'कितीला पडलं?' हा नसतो, 'चालतं का?' हा असतो. पैसे मोजून आणलेल्या नव्या वस्तूबद्दल हा प्रश्न पडावा, याची तुम्हाला लाज वाटायला हवी. (शब्द जरा जड गेला असेल, पण बदलत नाही.)

आता तक्रारी एकेक करून सांगतो.

सगळ्यात आधी पात्यांची, म्हणजे चिरेमुळे निबेच्या टोकाचे जे दोन भाग होतात त्यांची. माझ्या त्या पेनाची निब भिंगाखाली धरली तेव्हा डावं पातं उजव्यापेक्षा केसभर खाली आलेलं दिसलं. एवढ्याने काय होतं? इंग्रजी लिहिताना कदाचित माणूस चालवून घेईल. मराठी लिहिताना प्रत्येक शब्दावर शिरोरेषा ओढायची असते, डावीकडून उजवीकडे. नेमक्या त्याच दिशेला खाली आलेल्या डाव्या पात्याची आतली कड पुढे येते आणि कागदात रुतते. पानभर लिहिलं की चिरेत कागदाचे तंतू अडकतात, मग रेघ जाड होते, फाटते, मध्येच काना माखतो. दोन्ही पाती एका पातळीत आणायला सरावलेल्या माणसाला अर्धं मिनिट लागतं. नखाने वरचं पातं हलकेच दाबायचं, भिंगातून बघायचं, इंग्रजी आठचा आकडा गिरवून बघायचा. मी घरी केलंच ते. पण ते मी का करायचं? आणि ज्याला हे येत नाही त्याने काय करायचं? तो पेन ड्रॉवरमध्ये टाकतो आणि पुन्हा बॉलपेन उचलतो. तुमचं गिऱ्हाईक गेलं ते तिथे. पेन महाग होतं म्हणून गेलेलं नाही.

दुसरी तक्रार चिरेची. शाई निबेच्या टोकापर्यंत येते ती केशाकर्षणाने, त्यासाठी चीर निबेच्या मधल्या भोकापासून टोकाकडे हळूहळू निमुळती होत जायला हवी. तुमच्या काही निबांत ती टोकाशी इतकी आवळलेली असते की दाबल्याशिवाय शाई उतरत नाही. काहींत उलटं, टोकाशीच फाकलेली, म्हणजे शाई येते आणि मध्येच तुटते. चीर मधोमध नसलेल्या, एक पातं रुंद आणि एक अरुंद अशा निबाही आम्ही पाहिल्या आहेत. त्या तर नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. त्या खोक्यात गेल्याच कशा?

यातला सगळ्यात फसवा दोष टोकाच्या अती पॉलिशचा. चिरेच्या दोन्ही आतल्या कडा इतक्या गोल घासलेल्या असतात की चीर कागदाला टेकतच नाही. हाताला निब लोण्यासारखी लागते, दुकानात माणूस खूश होतो. घरी आल्यावर शब्दाची पहिली रेघ उमटत नाही. हा दोष मराठी लिहिणाऱ्याला किती छळतो ते तुमच्या लक्षात आलं आहे का, मला शंका आहे. जोडून लिहिलेल्या इंग्रजीत पेन शब्दभर कागदावरून उठत नाही. आपल्याकडे एका शब्दात ते अनेकदा उठतं. काना वेगळा, वेलांटी वेगळी, मात्रा वेगळी, अनुस्वार वेगळा आणि सगळ्यात शेवटी शिरोरेषा. जितक्या वेळा पेन उचललं तितक्या नव्या सुरुवाती, आणि निब नेमकी सुरुवातीलाच चुकते. आमच्या बाईंनी अशा एका निबेने 'विद्यार्थ्यांनी' हा शब्द लिहून दाखवला. रफार गायब, अनुस्वार गायब, वेलांटीचा नुसता शेपटा. त्यांनी शांतपणे लाल पेनाने त्याखाली रेघ मारली आणि म्हणाल्या, "शुद्धलेखनाचे गुण कंपनीचे कापायचे."

निबेची रुंदी हाही एक जुगार आहे. खोक्यावर 'फाइन' लिहिलेलं असतं आणि आत काय निघेल ते नशीब. जपानी फाइन युरोपीय फाइनपेक्षा बारीक असते हे पेनवाल्यांना माहीत आहे, ते समजून घेऊन आम्ही पेन निवडतो. पण एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची, एकाच दिवशी मागवलेली दोन पेनं, दोन्हींवर फाइन, आणि एकाची रेघ दुसऱ्याच्या जवळपास दुप्पट जाड? यात परंपरेचा, शैलीचा किंवा हस्तकलेचा काही संबंध नाही. ही नुसती बेफिकिरी आहे. जाड, ओल्या निबेने 'थ' आणि 'ध'ची गाठ बुजते, 'क्ष' आणि 'ष्ट'चा काळा ठिपका होतो. परीक्षेच्या पेपरात असं अक्षर कोण वाचणार?

मग येते निबेखालची, शाई निबेपर्यंत आणणारी जीभ. हिच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही, कारण ती दिसत नाही. निब कितीही चांगली असली तरी जीभ तिच्या पोटाला नीट चिकटून बसली नसेल तर शाई मध्येच थांबते किंवा एकदम सुटते. कारखान्यात घासकाम करताना राहिलेलं तेल आणि भुसा तर बऱ्याच पेनांत तसाच असतो. नवं पेन आणलं की आधी पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकून धुवायचं, हे आम्ही नव्या माणसाला बाराखडीसारखं शिकवतो. धुऊन का पाठवत नाही? ड्रॉपरच्या पेनात शाई अर्ध्याच्या खाली गेली की हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि थेंब पडतो. एप्रिल-मे महिन्यात नाशिकमध्ये पारा चाळीसला टेकतो तेव्हा हे हमखास होतं. चांगली जीभ तो जादा थेंब आपल्या खाचांमध्ये धरून ठेवते, तिचं कामच ते आहे. उथळ खाचांची जीभ तो सरळ पांढऱ्या शर्टावर सोडते. माझ्याकडे पुरावे आहेत, धोब्याकडेही.

निबेवर कोरलेल्या अक्षरांबद्दल थोडक्यात. 'इरिडियम पॉइंट' असं लिहायची प्रथा जुनी आहे. आजच्या निबांच्या टोकाला ऑस्मियम, रुथेनियम, टंगस्टन अशा कठीण धातूंचं मिश्रण असतं, इरिडियम क्वचितच, आणि स्वस्त निबांत तर कित्येकदा पोलादाचीच कड वळवून टोक केलेलं असतं. वळवलेल्या टोकाला माझी हरकत नाही, पैसे तसेच मोजलेले असतात. जे नाही ते कोरू नका.

आता सगळ्यात चीड आणणारी गोष्ट. तुमच्यातले काही जण आणि तुमचे काही विक्रेते आता निब 'ट्यून' करून देण्याचे वेगळे पैसे घेतात. म्हणजे पेन एका किमतीला आणि चालणारं पेन दुसऱ्या किमतीला. ज्याला आपल्या हाताच्या वळणाप्रमाणे निब घासून हवी आहे, तिरकी कापून हवी आहे, त्याच्याकडून जरूर पैसे घ्या. ती कारागिरी आहे आणि तिचं मोल व्हायलाच हवं. पण दोन पाती एका पातळीत असणं ही कारागिरी नव्हे, ती किमान अपेक्षा आहे. त्यावर सुट्या निबा बंद. पूर्वी नाशिकच्या मेन रोडला पेनं दुरुस्त करणारे बसायचे. काचेच्या डबीत निबा, बाजूला ओलं फडकं, पेन दिलं की उभ्या उभ्या निब बदलून मिळायची. ते आता राहिले नाहीत, आणि तुम्ही निबही विकणार नाही. मग एका टोकासाठी अख्खं पेन फेकायचं का?

तुमची बाजूही ऐकून आहे. स्वस्त पेनात तपासणी परवडत नाही म्हणता. कोपऱ्यावरच्या दुकानातलं दहा रुपयांचं बॉलपेन शंभरातलं एखादं सोडलं तर पहिल्या फटक्यात लिहितं. बॉलपेनांसाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ १२७५७. रोलरबॉल आणि जेल पेनांसाठीही आहेत. फाउंटन पेनाच्या शाईसाठी आपल्या भारतीय मानक ब्यूरोचीही मानकं आहेत. म्हणजे बाटलीतल्या शाईला कसोटी आणि ती ज्यातून उतरते त्या निबेला 'खासियत', असं कसं चालेल? दुसरं म्हणणं असतं की आम्ही निबा जर्मनीहून आणतो. हायडेलबर्गच्या बॉकच्या, बर्लिनच्या योवोच्या निबा बऱ्याच जणांच्या पेनांत असतात हे खरं. पण बाहेरून आलेला सुटा भाग तपासूनच आत घ्यायचा, हा आमच्या सातपूर-अंबडमधल्या लहानात लहान वर्कशॉपचाही नियम आहे. शिवाय निब आल्यावर जीभ आणि पकड (पेन धरायचा पुढचा भाग) तुम्हीच बसवता. निम्मी गडबड तिथेच होते. देशात निबा बनवणारे नाहीत असंही नाही, कानपूरला त्या बनतात. त्यांच्याकडून काटेकोर माल मागा. मागणी आली की सुधारणा होते.

हे सगळं इतकं मनाला लावून घ्यायचं कारण आहे. मुंबईत दांडेकरांनी १९३१ साली शाईच्या पुड्या आणि गोळ्यांपासून सुरुवात केली, त्याचीच पुढे कॅम्लिन झाली. स्वदेशीच्या हाकेतून आंध्रातल्या राजमहेंद्रीत रत्नम यांची पेनं बनू लागली, बंगालमध्ये १९३४ साली सुलेखा शाई आली. परदेशी पेन-शाईवाचून आपलं अडू नये म्हणून त्या लोकांनी खटपट केली. बॉलपेनाच्या लाटेत यातलं बरंचसं मागे पडलं. आता गेल्या काही वर्षांत तरुण मुलं पुन्हा शाईपेनाकडे वळताहेत, सुलेखाची शाईही २०२० नंतर नव्याने बाजारात आली आहे. आणि आमच्या टेबलावरच्या त्या मुली तुमच्याबद्दल काय म्हणतात माहीत आहे? 'काका, आपलं घ्यायचं तर लॉटरी. जपानी घेतलं की निदान लिहितं.' मला यावर उत्तर देता आलं नाही. तुम्ही द्या.

आणि शाळकरी मुलं. काही शाळांत चौथी-पाचवीत शाईपेन हाती देतात, अक्षर सुधारावं म्हणून. मुलाला भिंग माहीत नाही, पाती माहीत नाहीत. पेन अडलं की ते दाबतं. दाबलं की पाती फाकतात, बोटं निळी होतात, दुरेघी वहीचं पान फाटतं आणि बोलणी मात्र मुलाला बसतात. तुमच्या सगळ्यात स्वस्त पेनाची निब सगळ्यात जास्त तपासायला हवी. ती ज्याच्या हाती पडते त्याला तक्रार करता येत नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

प्रत्येक पेन शाईत बुडवून लिहून बघा, आणि ज्या चिठ्ठीवर लिहून बघितलं ती चिठ्ठी खोक्यात घाला. त्यावर तपासणाऱ्याची सही किंवा नंबर असू द्या. आमच्या कारखान्यात तो असायचा, आणि त्यामुळे माणूस जपून शिक्का मारायचा.

ती तपासणी निदान महाराष्ट्रात विकायच्या पेनांसाठी देवनागरीत करा. गोल गोल वेटोळी काढून काही कळत नाही. 'ज्ञानेश्वर', 'दृष्टिकोन', 'कर्तव्य' असे चार शब्द शिरोरेषेसकट लिहा.

खोक्यावर फाइन-मीडियम यासोबत रेघेची जाडी मिलिमीटरमध्ये छापा, आणि किती कमी-जास्त चालेल तेही छापा. टोक कशाचं आहे ते खरं लिहा.

पेन मिळाल्यापासून पंधरा दिवसांत निब सदोष निघाली तर वाद न घालता बदलून द्या, टपालखर्च तुमचा. सुट्या निबा आणि जिभा विकणं पुन्हा सुरू करा. पेन बनवणं बंद झालं तरी पुढची काही वर्षं त्या मिळतील अशी व्यवस्था ठेवा.

पात्यांची पातळी आणि शाईचा प्रवाह यासाठी जादा पैसे घेणं बंद करा.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये 'दोष' या शब्दाच्या व्याख्येत वस्तूच्या गुणवत्तेतली कोणतीही उणीव येते. वस्तू हाताने बनवलेली असेल किंवा स्वस्त असेल तर सूट, असं त्यात कुठे नाही. 'निबेला वॉरंटी नाही' असं खोक्यावर छापल्याने सदोष माल चोख होत नाही. दीड हजारांच्या पेनासाठी जिल्हा ग्राहक आयोगाची पायरी चढायची हौस मला नाही, आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करण्यापेक्षा तुमच्या तपासणी विभागाशी दोन शब्द बोलायला मला जास्त आवडेल. पण हे दोन्ही रस्ते गिऱ्हाइकाला मोकळे आहेत, हे वाचणाऱ्यांना माहीत असावं म्हणून लिहिलं.

या पत्राचं उत्तर म्हणून मला खासगीत फुकट पेन पाठवू नका. मागच्या तक्रारीनंतर एकाने तशी तयारी दाखवली होती. ते पेन नीट तपासून पाठवलं असतं यात शंका नाही, आणि म्हणूनच ते नको. काय बदलणार आणि कधीपासून, ते जाहीर सांगा. त्यानंतर आम्ही तुमचं पेन दुकानातून, पूर्ण पैसे देऊन, कोणाला न सांगता विकत आणू. रविवारी ते भिंगाखाली जाईल आणि जे दिसेल ते तसंच्या तसं लिहू, चांगलं असेल तर चांगलं.

आपला,
एक नाशिककर गिऱ्हाईक